खडपावरून ताटात: किनाऱ्यावरच्या खाद्य शैवालाचा आढावा

चायना ग्रासच्या पांढऱ्या पट्ट्या विरघळवून, त्यात दूध-साखर घालून केलेलं पुडिंग उन्हाळ्यात अनेक मराठी घरांत होतं. या पट्ट्या म्हणजे अगर. जेलिडियम, ग्रॅसिलेरिया अशी लाल समुद्रशैवालं उकळून, गाळून तो काढतात. चाळीस अंशांच्या आतबाहेर तो घट्ट होतो आणि पुन्हा वितळायला त्याला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून मे महिन्यातही ताटलीत पाणी होत नाही. शैवाल आपल्या पोटात जात आलंच आहे. मात्र ओहोटीला खडपावर जाऊन ते स्वतः खुडायचं, घरी आणून शिजवायचं, ही गोष्ट कोकणात आणि गोव्यात फारशी रुळलेली नाही.

अलीकडे तिची चर्चा होऊ लागली आहे. नोरीत गुंडाळलेली सुशी मुंबई-पुण्यात अपूर्वाईची राहिली नाही. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शैवालासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद झाली. गोव्याच्या किनाऱ्यावरचं शैवाल वेचून स्वयंपाकात आणण्याचे छोटे प्रयोगही झाले. त्यामुळे आयर्लंड, वेल्स, जपान, हवाई इथे जुना असलेला प्रश्न आता इथेही विचारला जातो: आपोआप वाढलेलं शैवाल वेचून खावं का, आणि खायचं तर कोणतं, कुठलं, किती? या लेखात आधी प्रथेचा इतिहास, मग वादातल्या बाजू, नंतर भारतातली स्थिती आणि शेवटी न सुटलेले मुद्दे अशा क्रमाने या प्रश्नाकडे पाहिलं आहे.

जुनी प्रथा

दक्षिण चिलीतल्या मॉन्ते व्हर्दे इथल्या सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत शैवालांच्या नऊ जातींचे अवशेष सापडले. टॉम डिलेहे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते प्रसिद्ध केले. वस्ती त्या काळच्या किनाऱ्यापासून बरीच आत होती, म्हणजे शैवाल मुद्दाम आणलेलं होतं. युरोपात मध्याश्मयुगीन आणि नवाश्मयुगीन माणसांच्या दातांवरच्या किटणातही शैवालाच्या खुणा मिळाल्याचं २०२३ च्या एका अभ्यासाने दाखवलं.

लिखित पुरावाही जुना आहे. जपानच्या इसवी सन ७०१ च्या तैहो संहितेत कर म्हणून द्यायच्या वस्तूंमध्ये शैवाल आहे. आइसलँडच्या ‘ग्रागास’ या मध्ययुगीन कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीच्या किनाऱ्यावर डल्स हे लाल शैवाल खाण्याबद्दल नियम आहेत. किनाऱ्यावरच्या अन्नावर हक्क कोणाचा, हा वाद किती जुना आहे ते यावरून कळतं.

घरगुती वापराच्या रीती प्रत्येक ठिकाणी वेगळ्या घडल्या. वेल्समध्ये पोर्फायरा हे शैवाल खडकावरून तोडून, वाळू जाईपर्यंत पुन्हापुन्हा धुऊन, कित्येक तास शिजवून त्याचा काळपट हिरवा लगदा करतात. तोच ‘लेव्हरब्रेड’. ओटचं पीठ लावून त्याच्या टिकिया डुकराच्या चरबीत परततात. आयर्लंडमध्ये कॅरगीन हे लाल शैवाल उन्हात फिकं होईपर्यंत वाळवतात आणि छोटी मूठभर दुधात उकळून, गाळून, थंड करून त्याचं पुडिंग लावतात. डल्स नुसतं वाळवून चघळतात. उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीकॅसलच्या ऑगस्टअखेरीच्या जत्रेत ते आजही विकलं जातं. जपानमध्ये कोंबूचा तुकडा पाण्यात भिजत घालून, उकळी फुटायच्या आत बाहेर काढून पातळ सार करतात. याच साराच्या चवीचा माग काढत किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळं केलं. कोरियात बाळंतिणीला वाकामे शैवालाचं सूप देतात. हवाईमध्ये ‘लिमू’च्या कितीतरी जाती नावानिशी ओळखल्या जात. त्यांची नावं, जागा आणि वापर इसाबेला अबट या शैवालतज्ज्ञ बाईंनी शास्त्राच्या भाषेत नोंदवून ठेवले.

या प्रथेला उतरती कळाही लागली होती. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात अन्नाला पारखे झालेले लोक किनाऱ्यावर जे मिळेल ते खाऊन जगले. त्यातून शैवालाला गरिबीचं अन्न असा शिक्का बसला. तो पुसला जाऊन ते महागड्या हॉटेलांत पोचायला विसावं शतक संपावं लागलं.

वेचण्याकडून शेतीकडे

नोरीची शेती जपानमध्ये शतकानुशतकं चालत होती, पण बी कुठून येतं ते कोणालाच माहीत नव्हतं. समुद्रात बांबूच्या फांद्या रोवायच्या आणि नशिबाची वाट पाहायची. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक कोसळलं. १९४९ मध्ये इंग्लंडच्या कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की शिंपल्यांच्या कवचात राहणारा एक गुलाबी धागा ही वेगळी जात नसून, नोरी ज्यापासून बनते त्या पोर्फायराच्याच जीवनचक्रातली एक अवस्था आहे. त्या आधाराने जपानी संशोधकांनी बी तयार करण्याची पद्धत बसवली. ड्र्यू-बेकर जपानला कधीच गेल्या नाहीत, पण कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे १९६३ मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं.

पुढच्या पन्नास वर्षांत काय झालं ते अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांत दिसतं. १९६९ मध्ये जगात सुमारे २२ लाख टन ओलं शैवाल निघत होतं. निम्मं वेचलेलं, निम्मं शेतीचं. २०१९ मध्ये वेचलेलं साधारण ११ लाख टनांवरच होतं, शेतीचं मात्र ३ कोटी ४७ लाख टनांवर गेलं. जगात आज निघणाऱ्या शैवालापैकी सुमारे ९७ टक्के शेतीतलं आहे. वेचण्याचा प्रश्न आता जगाच्या पुरवठ्याचा उरलेला नाही. तो किनाऱ्यालगतच्या घरांचा, हौशी वेचणाऱ्यांचा आणि वेचण्यावरच पोट असलेल्यांचा आहे. त्यावर तीन बाजू ठळक दिसतात.

पहिली बाजू: वेचावं आणि खावं

वेचणीच्या समर्थकांचं म्हणणं असं की शैवालाला जमीन, गोडं पाणी, खत, फवारणी यांतलं काही लागत नाही, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याला ते फुकट मिळतं. त्यात तंतू आणि खनिजं भरपूर असतात. नोरीच्या सुक्या वजनात प्रथिनं तीस टक्क्यांच्या वर जाऊ शकतात. वेचणीमुळे किनाऱ्याची ओळख टिकते आणि त्याच्या प्रकृतीवर कोणाची तरी नजर राहते, हा त्यांचा आणखी एक मुद्दा.

या मंडळींनी स्वतःसाठी शिस्तही घालून घेतली आहे. चिकटलेलं बूड उपटायचं नाही, कात्रीने वरचा भाग कापायचा. एकाच खडकावरून सगळं न्यायचं नाही. वाहून आलेलं, वास मारणारं घ्यायचं नाही. कापताना आत दडलेले जीव झटकून तिथेच सोडायचे. आयर्लंड-ब्रिटनमध्ये फिरणाऱ्या आचारसंहितांचा गाभा हाच आहे.

पोषणाच्या दाव्यांना मात्र प्रमाणाची जोड द्यावी लागते. नोरीचं एक पान साधारण तीन ग्रॅमचं, म्हणजे त्यातून प्रथिनं मिळणार जेमतेम एक ग्रॅम. ब१२ जीवनसत्त्वाचा दावा आपल्याकडच्या शाकाहारी घरांना विशेष खुणावतो. शैवाल स्वतः ब१२ बनवत नाही. त्याच्यासोबत राहणाऱ्या जीवाणूंकडून ते येतं. नोरीत खरं ब१२ सापडतं, तर स्पिरुलिनात बहुतांशी शरीराच्या उपयोगी न पडणारं त्याच्यासारखं दुसरंच द्रव्य असतं. नोरी वाळवल्यावर त्यातलं किती कामाचं राहतं, यावर संशोधकांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. गोळी किंवा इंजेक्शन यांची जागा शैवाल घेईल, असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

दुसरी बाजू: आधी तपासावं

अन्नसुरक्षेच्या अभ्यासकांचा रोख पहिल्यांदा आयोडीनवर असतो. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. रोजची वरची मर्यादा युरोपने ६०० आणि अमेरिकेने ११०० मायक्रोग्रॅम धरली आहे. फ्रान्सने खाद्य शैवालात सुक्या किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत आयोडीन चालवून घेतलं आहे. म्हणजे त्या मर्यादेवरच्या एका ग्रॅममध्ये २००० मायक्रोग्रॅम, दिवसाच्या गरजेच्या तेरापट. कोंबू सहज या पातळीला जातो, नोरीत मात्र ग्रॅममागे शंभरहून कमी मायक्रोग्रॅम असतं. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात कोंबू घातलेलं सोयाचं दूध नेमाने पिणाऱ्यांना थायरॉइडचे विकार झाल्यावर ते बाजारातून परत घ्यावं लागलं. जपानी लोक पिढ्यानपिढ्या या मर्यादांपेक्षा जास्त आयोडीन पचवत आले आहेत, असं यावर उत्तर दिलं जातं. त्याला प्रत्युत्तर असं की त्यांचं शरीर लहानपणापासून सरावलेलं असतं आणि कोंबू उकळल्यावर त्यातलं बरंचसं आयोडीन पाण्यात उतरतं.

दुसरा मुद्दा आर्सेनिकचा. बहुतेक शैवालांतलं आर्सेनिक सेंद्रिय रूपात, तुलनेने निरुपद्रवी असतं. हिजिकी ही शैवालाची जात याला अपवाद. तिच्यात घातक, असेंद्रिय आर्सेनिक जास्त आढळल्याने कॅनडाने २००१ मध्ये आणि ब्रिटनने २००४ मध्ये ती न खाण्याचा सल्ला दिला. जपानमध्ये ती भिजवून, पाणी फेकून आजही खातात.

तिसरा मुद्दा विषबाधेचा. जमिनीवरच्या अळंब्यांसारखी विषारी शैवालं समुद्रात जवळजवळ नसतात, हे वेचणाऱ्यांचं आवडतं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्याला बोचणारे अपवाद आहेत. १९९१ मध्ये ग्वाम बेटावर नेहमीच्या खाण्यातली ग्रॅसिलेरिया खाऊन १३ जण आजारी पडले, त्यांतले तिघे दगावले. २००२-०३ मध्ये फिलिपिन्समध्येही ग्रॅसिलेरिया एड्युलिस आणि अॅकॅन्थोफोरा या जातींमुळे मृत्यू झाले. दोन्हीकडे पॉलिकॅव्हर्नोसाइड हे विष सापडलं. ते शैवालाने बनवलं की त्यावर वाढलेल्या सूक्ष्मजीवांनी, हे अजून निर्विवाद ठरलेलं नाही. पिढ्यानपिढ्या खाल्लेली जात एका विशिष्ट मोसमात, एका विशिष्ट जागी घातक ठरली, हे मात्र पक्कं.

पाण्याचा मुद्दा सगळ्यांनाच मान्य आहे. शैवाल भोवतालच्या पाण्यातले धातू शोषून साठवतं. शिवाय उल्वासारखी हिरवी शैवालं सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर फोफावतात. २००८ च्या ऑलिंपिकमधल्या नौकास्पर्धांच्या तोंडावर चीनमधल्या छिंगदाओचा किनारा उल्वाने भरून गेला होता. त्यामुळे सर्वांत हिरवागार दिसणारा खडक हीच सर्वांत वाईट पाण्याची खूण असू शकते.

तिसरी बाजू: किनारा कोणाचा

इथे पर्यावरण आणि हक्क यांची गाठ पडते. शैवालाखाली मासळीची पिल्लं वाढतात, लाटांचा मार कमी होतो. मूठभर घरी नेण्याने फरक पडत नाही. व्यापारी वेचणी आणि यंत्राने खरवडणं सुरू झालं की पडतो. स्कॉटलंडच्या संसदेने २०१८ मध्ये, पुन्हा वाढू न देणाऱ्या पद्धतीने केल्प नावाचं शैवाल यंत्राने काढण्यावर बंदी घातली. अमेरिकेच्या मेन राज्यात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं रॉकवीड हे शैवाल कोणाचं, यावर खटला चालला. ते सार्वजनिक मासेमारीत मोडत नाही, लगतच्या जमीनमालकाचं आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पिढीजात हाताने कापणाऱ्यांचे हक्क आणि कंपन्यांचे परवाने यांचा वाद बराच काळ चालू आहे.

भारतात: मन्नारचं आखात

भारतातली सर्वांत मोठी वेचणी तामिळनाडूच्या रामनाथपुरम् जिल्ह्यात होते. मच्छीमार घरांतल्या बाया बोटांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा आणि कमरेला जाळीची पिशवी बांधून बुडी मारतात आणि जेलिडिएला, ग्रॅसिलेरिया, सरगॅसम काढतात. हा माल ताटात जात नाही. तो अगर आणि अल्जिनेटच्या कारखान्यांना जातो. कांजीत घालायच्या ग्रॅसिलेरिया एड्युलिससारखा एखादाच घरगुती वापर इथे दिसतो. तमिळ किनाऱ्यावर कांजीत जाणारी ही तीच जात, जिने फिलिपिन्समध्ये जीव घेतले.

१९८६ मध्ये मन्नारच्या आखातातली २१ बेटं सागरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि वेचणाऱ्या बायकांचं पिढ्यांचं क्षेत्र बंद दाराआड गेलं. वन विभागाच्या मते संरक्षण अपुरं राहिलं तर प्रवाळ वाचणार नाहीत. बायकांचं म्हणणं, हाताने वेचल्याने प्रवाळ मरत नाहीत, आणि वेचणीचे दिवस आम्ही स्वतःच कमी केले आहेत. त्यांच्या पुढारी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सीकॉलॉजी हा पर्यावरण पुरस्कार मिळाला. वाद त्याने संपला नाही, पण या बाजूचं म्हणणं जगासमोर आलं.

शेतीचा पर्यायही इथे वादातीत नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने भारतात रुजवलेलं कॅप्पाफायकस हे परकं शैवाल २००० नंतर कंत्राटी शेतीतून पसरलं आणि अनेक बायकांना त्यातून रोजगार मिळाला. २००८ मध्ये कुरुसदाई बेटाजवळच्या प्रवाळांवर ते पसरल्याची नोंद प्रसिद्ध झाली. हा प्रसार मर्यादित आणि आटोक्यातला आहे असं एका गटाचं मत, तो धोक्याचा आहे असं दुसऱ्याचं. आजच्या सरकारी योजनांचा भर शेतीवरच आहे.

कोकण आणि गोवा

रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यातल्या हणजुणे, वागातोरपर्यंतच्या खडकाळ किनाऱ्यावर उल्वा, ग्रॅसिलेरिया, सरगॅसम, कॉलर्पा अशा जाती पावसाळा सरल्यावर, साधारण ऑक्टोबर ते मार्च दिसतात. नोरीचीच सख्खी नातलग, पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस, मात्र भर पावसाळ्यात वरच्या कातळांवर उगवते. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या नमुन्यांवर पोषणाचे अभ्यासही झाले आहेत. पण ज्या महिन्यांत ती वाढते त्याच महिन्यांत तिथला कातळ निसरडा आणि समुद्र खवळलेला असतो. इथे हे अन्न रूढ का झालं नाही याची चर्चा करताना मोसम विसरून चालणार नाही.

वरच्या वादातले मुद्दे या किनाऱ्याला लावले की काही उत्तरं बदलतात. कोंबूच्या कुळातली केल्प थंड पाण्यातली. ती आपल्या उबदार समुद्रात वाढत नाहीत. त्यामुळे आयोडीनचा मोठा धोका इथे खडपावर कमी आणि परदेशातून आलेल्या पाकिटात जास्त आहे. आयोडीनयुक्त मीठ रोज खाणाऱ्या घराने आणि थायरॉइडच्या रुग्णाने ते पाकीट जपूनच वापरावं. आर्सेनिकचं उलट आहे. हिजिकी ही सरगॅसमचीच एक जात, म्हणून कोकणातल्या सरगॅसमला तपासणीशिवाय मोकळीक देता येत नाही. खाड्यांच्या मुखाशी, बंदरांजवळ, शहरांच्या सांडपाण्यापाशी वेचणं तर वर्ज्यच. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासारख्या क्षेत्रात वेचणीला कायद्याचाही अडसर येतो.

ज्यांनी घरी करून पाहायचं ठरवलंय त्यांच्यासाठी तिन्ही बाजूंना चालेल असा कमीत कमी धोक्याचा मार्ग दिसतो. जात जाणकाराकडून ओळखून घ्यायची. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला स्वच्छ पाण्याच्या जागेवरून थोडंच कापायचं. आधी समुद्राच्या, मग गोड्या पाण्याने धुवायचं. कच्चं न खाता शिजवून खायचं, आणि तेही चवीपुरतं. उल्वा कडक वाळवून, भाजून त्याची भुकटी भज्यांच्या पिठात किंवा सुक्या चटणीत घालता येते. ग्रॅसिलेरिया उकळून, गाळून घट्ट होते, पण तिच्याबाबतीत जागा आणि मोसमाची खात्री सर्वांत आधी हवी.

न सुटलेले मुद्दे

पहिला, विषाचा. ग्रॅसिलेरिया काही ठिकाणी अधूनमधून घातक का होते हे कळत नाही तोवर ‘खाद्य जातींची यादी’ अपुरीच राहणार. दुसरा, मापाचा. एकाच जातीतले आयोडीन, धातू आणि आर्सेनिक जागेनुसार, महिन्यानुसार बदलतात. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये सदस्य देशांना शैवालांची अशी मोजणी करायला सांगितलं, ते पुरेशी माहिती हाताशी नव्हती म्हणूनच. तिसरा, हक्काचा. घरापुरती वेचणी कुठे संपते आणि व्यापार कुठे सुरू होतो, ही रेषा मेन, आयर्लंड, मन्नार इथे वेगवेगळी आखली गेली आणि कुठेच सर्वमान्य झाली नाही. चौथा, समुद्राच्या तापमानाचा. उत्तर कॅलिफोर्नियातलं बुल केल्प २०१४ नंतर नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं. जुन्या अनुभवावर बेतलेली वेचणीची पंचांगं अशा समुद्रात किती काळ चालतील, हे सांगता येत नाही.

सगळ्या बाजू एकत्र ठेवल्या तर शैवाल खाण्याजोगं आहे की नाही हे एकट्या जातीवर ठरत नाही. जागा, महिना, पाणी आणि शिजवण्याची रीत मिळून ते ठरतं. वेल्स, आयर्लंड आणि हवाईच्या लोकांना हे ज्ञान आयतं मिळालं नाही. पिढ्यांच्या वापरातून आणि क्वचित चुकांतून ते साठलं. त्यांच्या पाककृती कोकणात आणता येतात, त्यांची खात्री आणता येत नाही. ती इथेच तयार करावी लागेल. ठरावीक खडपांवरचे नमुने महिन्यागणिक तपासून निष्कर्ष मराठी आणि कोंकणीत खुले ठेवणं हे प्रयोगशाळांचं काम. कुठला कातळ कधी उघडा पडतो, कुठल्या ओढ्याचं पाणी कुठवर पोचतं, ही माहिती कालवं फोडायला खडपावर जाणाऱ्या बायकांकडे आजच आहे. तपासणीचे ठिपके नकाशावर कुठे मांडायचे, हे त्यांना विचारून ठरवलं तर काम कमी खर्चात आणि अधिक नेमकं होईल.